हवेंतील पाळी : वस्तीवरील वाय-फायच्या पेटीची मांडणी कशी करावी

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या शेतकरी बंधूंच्या वाड्यावस्त्यांवर बिनतारी इंटरनेटचा शिरकाव इतक्या सहजपणें झाला आहे कीं, तें एक यंत्र आहे आणि इतर यंत्रांप्रमाणें त्याचीहि मांडणी विचारपूर्वक करावी लागते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानींमनींहि नसते. दुकानांतून पेटी आणली, भिंतीस खिळा ठोकून टांगली, वीज जोडली, कीं काम संपलें अशी सर्वसाधारण समजूत आहे. आरंभीं एका घरीं एक फोन होता तोंपर्यंत ही समजूत खपून गेली. आतां त्याच पेटीवर विहिरीवरील मोटारीचा नियंत्रक, ठिबकच्या झडपा, गोठ्यांतील कॅमेरा, शेडनेटमधील तपमान व आर्द्रता मोजणारीं उपकरणें, मुलांचा अभ्यास आणि बाजारभावाची चौकशी हीं सारीं अवलंबून राहूं लागलीं आहेत. ऐन उन्हाळ्यांत रात्रीच्या विजेच्या वेळीं मोटारीस हुकूम पोंचला नाहीं, तर त्या दिवसाचें पाणी गेलें असेंच समजावें. रोपवाटिकेंतील फवारे दुपारीं वेळेवर सुरू झाले नाहींत, तर कोवळीं रोपें माना टाकतात. तेव्हां हा प्रश्न करमणुकीचा राहिलेला नाहीं; तो पिकाचा झाला आहे.

अशा वेळीं बहुधा सल्ला मिळतो तो एकच : आणखी मोठ्या शक्तीची पेटी घ्या. शेतकरी ती घेतो. शेजारीहि तिच्याहून मोठी घेतो. आणि दोघांचीहि अडचण पूर्वीपेक्षां वाढते. आमचें सांगणें असें आहे कीं, पुष्कळ ठिकाणीं पैसे खर्चण्याची गरज नसते. पेटींत पट्टा, चॅनेल, रुंदी आणि शक्ति अशा चार गोष्टी आपल्या हातच्या असतात. पांचवी गोष्ट म्हणजे अँटेनाची उंची. या पांचांची नीट योजना केली आणि शेजाऱ्यांशीं एक बैठक घेतली, तर आहे त्याच सामानांत काम भागूं शकतें. ज्या पेटीस इंग्रजी व्यवहारांत राउटर अथवा ॲक्सेस पॉइंट म्हणतात, तिला या लेखांत आम्ही नुसतें पेटी असेंच म्हणूं.

हवा कोणाच्या मालकीची?

प्रथम कायद्याची बाजू पाहूं. बिनतारी यंत्र चालविण्यास सामान्यतः सरकारी परवाना लागतो. परंतु लहान शक्तीच्या यंत्रांकरितां कांहीं पट्टे मोकळे सोडण्याची पद्धत जगभर पडली आहे. अमेरिकेंत १९८५ सालीं असे पट्टे या कामास खुले झाले, आणि १९९७ सालीं वाय-फायचें पहिलें प्रमाण प्रसिद्ध झालें. भारतांत २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ सालच्या नियमांनीं परवान्यांतून मुक्त झाला, यासच २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा म्हणतात. पुढें २०१८ सालच्या ऑक्टोबरांतील अधिसूचनेनें ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतील ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे भाग, शक्तीची मर्यादा घालून, मोकळे करण्यांत आले.

या मोकळिकीस एक अट चिकटलेली आहे व ती प्रत्येकानें लक्षांत ठेवावी. या पट्ट्यांत कोणासहि दुसऱ्यापासून संरक्षण मागतां येत नाहीं. शेजाऱ्याच्या पेटीमुळें आपली पेटी अडखळली, तर त्याविरुद्ध दाद मागण्यास जागा नाहीं. म्हणजे हा पट्टा गायरानासारखा आहे : चरण्याचा हक्क सर्वांना, राखण्याची जबाबदारी कोणाचीच नाहीं. अशा ठिकाणीं उपाय एकच, तो म्हणजे आपसांतील संमति. धुळें व नाशिक भागांत पांझरा, मोसम वगैरे नद्यांच्या कांठीं फडपद्धतीनें पाणी वांटून घेण्याची जी जुनी रीत आहे, तिचें मर्महि हेंच आहे. पाणी सर्वांचें, म्हणून पाळी ठरलेली. हवेंतहि अशीच पाळी ठरवावी लागते.

दोन पट्टे, दोन स्वभाव

२.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारें १२ सेंटिमीटर लांबीची, तर ५ गिगाहर्ट्झची साडेपांच सेंटिमीटरांच्या आसपास असते. पहिली भिंतीतून व झाडींतून त्यांतल्या त्यांत बरी पार होते व दूर जाते. परंतु तिचा पट्टा अरुंद आणि गर्दीचा. ब्लूटूथचीं उपकरणें याच पट्ट्यांत बोलतात, आणि स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह शेगडीहि २४५० मेगाहर्ट्झच्या सुमारास चालते. दुसऱ्या पट्ट्यांत जागा पुष्कळ व वेग मोठा. परंतु जाड दगडी भिंत आली, कीं ती लहर लवकर थकते.

यावरून कामाची वांटणी सहज होते. घरांतील फोन, संगणक व दूरचित्रवाणी संच ५ गिगाहर्ट्झवर घालावे. मोटारीचे नियंत्रक, ठिबकच्या झडपा व स्वस्त कॅमेरे यांपैकीं पुष्कळांस २.४ गिगाहर्ट्झखेरीज दुसरा पट्टा समजतच नाहीं. त्यांच्याकरितां तो राखून ठेवावा. पुष्कळ पेट्या दोन्ही पट्ट्यांस एकच नांव देतात. त्यामुळें नवा नियंत्रक जोडतांना आपला फोन ५ गिगाहर्ट्झवर असतो, नियंत्रकास तो पट्टा दिसत नाहीं, आणि शेतकरी यंत्र बिघडलेलें समजून तें परत पाठवितो. दोन पट्ट्यांस दोन निराळीं नांवें दिलीं म्हणजे ही अडचण बहुधा राहत नाहीं.

चॅनेलची निवड

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत १ पासून १३ पर्यंत चॅनेलें आहेत. तीं तेरा आहेत म्हणून तेरा शेजारी सुखानें नांदतील असें वाटणें स्वाभाविक आहे. पण तसें नाहीं. दोन लगतच्या चॅनेलांत अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झचें, आणि एक पेटी बोलतांना जागा अडविते सुमारें २० मेगाहर्ट्झ. हें म्हणजे पांच हात रुंदीच्या सऱ्या पाडून त्यांत वीस हात रुंदीचें औत घालण्यासारखें झालें. एकमेकांस न शिवणारीं अशीं चॅनेलें व्यवहारांत तीनच निघतात : १, ६ आणि ११. त्यांचे मध्य अनुक्रमें २४१२, २४३७ आणि २४६२ मेगाहर्ट्झवर येतात.

येथें एक सूक्ष्म गोष्ट सांगणें अवश्य आहे. वाय-फायच्या यंत्रास बोलण्यापूर्वीं ऐकण्याचा नियम घालून दिलेला आहे. त्याच चॅनेलवर दुसरें कोणी बोलत असेल, तर तें थांबतें व त्याचें संपल्यावर आपलें बोलतें. म्हणून दोन शेजारी एकाच सहाव्या चॅनेलवर असले, तर निदान ते पाळीनें तरी बोलतात. परंतु एकजण ६ वर व दुसरा 'मधली रिकामी जागा' म्हणून ८ वर गेला, तर त्यांच्या लहरी अर्ध्यामुर्ध्या एकमेकींत शिरतात. त्यांस परस्परांचे शब्द कळत नाहींत, नुसता गोंगाट ऐकूं येतो. अर्धवट बाजूस सरकणारा शेजारी हा त्याच वाटेवर चालणाऱ्या शेजाऱ्यापेक्षां जास्त त्रासदायक होतो. सबब ३, ४, ८, ९ अशीं मधलीं चॅनेलें कोणीहि घेऊं नयेत.

'आपोआप' ही सोय शहरांतील घरांस ठीक असेल. पण शेतावर तिच्यावर विसंबून राहूं नये. पेटी मध्यरात्रीं स्वतःच चॅनेल बदलते, आणि विहिरीवरील नियंत्रकास तें शोधून पुन्हां जोडून घेण्यास वेळ लागतो. एखादा नियंत्रक वीज बंद करून पुन्हां चालू करीपर्यंत जोडलाच जात नाहीं. चॅनेल ठरवावें आणि कायम करावें.

ठरविण्यापूर्वीं पाहणी करावी. आजूबाजूच्या पेट्या, त्यांचीं चॅनेलें व जोर दाखविणारीं साधनें अँड्रॉइड फोनवर मिळतात. पाहणी सायंकाळीं सात ते दहाच्या दरम्यान, सर्व घरें जागीं असतांना करावी; दुपारीं सुनसान वेळीं केलेली पाहणी फसवी ठरते. फोन जो जोर दाखवितो तो उणें आकड्यांत असतो. तो कर्जाच्या आकड्यासारखा वाचावा : उणें ६० म्हणजे थोडें कर्ज, उणें ८० म्हणजे मोठें. बोलण्यास व चित्र पाहण्यास उणें ६७ च्या आसपास जोर असल्यास उत्तम. झडपेस नुसता उघड-मिट हुकूम देण्यास उणें ७५ वरहि भागतें. उणें ८० च्या खालीं भरंवसा धरूं नये.

रुंदीचा लोभ

पेटींत २०, ४०, ८० अशी चॅनेलची रुंदी विचारलेली असते. रुंद चॅनेलनें वेग वाढतो हें खरें. परंतु तेवढीच शक्ति दुप्पट जागेवर पसरते आणि दुप्पट गोंगाट आंत येतो. रुंदी दुप्पट करतांच मोकळ्या रानांतील पल्ला सुमारें तीस टक्क्यांनीं आंखडतो. तेवढेंच खत दुप्पट क्षेत्रास फेंकल्यासारखें हें आहे. २.४ गिगाहर्ट्झवर ४० मेगाहर्ट्झची रुंदी घेणारा तर तीन वाटांपैकीं दोन वाटा एकटाच अडवितो. येथें नियम निरपवाद समजावा : २.४ वर रुंदी २०. घरांतल्या घरांत ५ गिगाहर्ट्झवर ४० किंवा ८० घेण्यास हरकत नाहीं. दोन इमारतींमधील दूरच्या जोडणीस मात्र २० अथवा फार तर ४० पुरे.

शक्ति : ओरडणें आणि ऐकणें

आतां मुख्य मुद्याकडे वळूं. पेटीची शक्ति 'डीबीएम' या मापांत लिहितात. त्याचा हिशेब सोपा आहे. २० डीबीएम म्हणजे १०० मिलिवॅट. त्यांत ३ वाढले कीं शक्ति दुप्पट, १० वाढले कीं दसपट. उलट, मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं जोर चौथाई उरतो, म्हणजे ६ कमी होतो.

पुष्कळांचा समज असा कीं, पेटीची शक्ति वाढविली म्हणजे जोडणी सुधारते. पण जोडणी ही एकतर्फी दवंडी नव्हे, तें संभाषण आहे. पेटीनें एक निरोप पाठविला कीं समोरच्या यंत्रानें त्याची पोंच द्यावी लागते. पोंच आली नाहीं तर पेटी तोच निरोप पुन्हां पुन्हां पाठविते. आणि समोरचें यंत्र म्हणजे लहानशा बॅटरीवरचा फोन किंवा नियंत्रकांतील नखाएवढी चकती. त्याचा आवाज बेताचाच.

विहिरीचें उदाहरण घेऊं. घरापासून विहीर ४०० मीटर, मध्यें मोकळें रान. २.४ गिगाहर्ट्झची लहर एवढ्या अंतरांत सुमारें ९२ डेसिबल गमावते. पेटीची शक्ति २० धरली तर विहिरीवर जोर पोंचेल उणें ७२. नियंत्रकाची शक्ति १५ धरली तर त्याची पोंच घरीं येईल उणें ७७. आतां पेटीची शक्ति ६ नें वाढवा : विहिरीवर उणें ६६ झाले, फोन नेऊन पाहिलें तर रेघा भरपूर दिसतात, पण परतीचे उणें ७७ होते तसेच राहिले. शेतकऱ्यास कळेनासें होतें कीं, रेघा भरलेल्या असून मोटार कां ऐकत नाहीं! आतां शक्ति पूर्ववत् २० ठेवून घराच्या पेटीस १० डेसिबलचा, विहिरीकडे तोंड केलेला अँटेना लावा. जातांना उणें ६२, येतांना उणें ६७. दोन्ही बाजू सुधारल्या. कारण चांगला अँटेना हा तोंडहि असतो आणि कानहि असतो. वाढविलेली शक्ति मात्र नुसतें तोंड असते.

अर्थात् अँटेनाची वाढ व पेटीची शक्ति मिळून कायद्याची मर्यादा ओलांडली जाऊं नये. म्हणून पेटींत देशाच्या जागीं 'भारत' हेंच निवडावें. मग पेटी स्वतःच आपल्या नियमांच्या हद्दींत राहते. परदेशाचें नांव घालून जास्त शक्ति मिळविण्याची युक्ति सांगणारे पुष्कळ भेटतात. ती बेकायदा तर आहेच, पण वरील हिशेबानें निष्फळहि आहे.

एकाच वाड्यांत दोनतीन पेट्या असतील तर शक्ति उलट कमी करावी. ओसरीवरची पेटी फार मोठ्यानें बोलत असली, तर मागल्या गोठ्यांत गेलेला फोनहि तिलाच चिकटून राहतो व शेजारची जवळची पेटी सोडून दुरून कुंथत बोलतो. २.४ वर १४ ते १७ डीबीएम, म्हणजे २५ ते ५० मिलिवॅट, एवढी शक्ति ठेवून पहावी. बहुतेक घरांस ती पुरते.

अँटेनाची उंची आणि उभें पीक

हा भाग शेतकऱ्यानें विशेष लक्षपूर्वक वाचावा, कारण शहरांतील जाणत्यांस तो ठाऊक नसतो. मार्चांत ऊस तुटून गेल्यावर बसविलेली जोडणी उत्तम चालते, आणि श्रावण-भाद्रपदांत तीच बंद पडते. मग पेटीस, कंपनीस व पावसास दोष दिला जातो. खरें कारण मध्यें उभें राहिलेलें पीक हें आहे. हिरव्या पानांत व कांड्यांत पाणी असतें आणि पाणी या लहरी शोषून घेतें. उसाचा दाट फड म्हणजे या लहरींच्या दृष्टीनें पाण्याची भिंतच होय. पाऊस पडून पानें ओलीं झालीं कीं ती भिंत आणखी जाड होते. द्राक्षाचा मांडव, केळीची बाग व आंबराई यांसहि हेंच लागू आहे.

नुसती नजर पोंचली म्हणजे लहरहि पोंचली असें समजूं नये. लहर दोऱ्यासारखी ताणून जात नाहीं. दोन अँटेनांच्या मध्यें ती विटीसारखी, मधोमध फुगलेली अशी जागा व्यापते. ऑगस्तीन फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नांवानें ही जागा ओळखली जाते. ५०० मीटरांच्या अंतरास २.४ गिगाहर्ट्झवर मधोमध या जागेची त्रिज्या सुमारें ४ मीटर, आणि ५.८ गिगाहर्ट्झवर सुमारें अडीच मीटर भरते. यांपैकीं निदान साठ टक्के भाग मोकळा हवा.

आतां हिशेब करूं. ऊस ३ मीटर उंच धरला. ५.८ गिगाहर्ट्झवर अडीचचे साठ टक्के म्हणजे दीड मीटर. एकूण साडेचार मीटर उंची हवी. २.४ वर चारचे साठ टक्के म्हणजे जवळजवळ अडीच. एकूण सुमारें साडेपांच मीटर. बाजारांतील वीस फुटी पाईप घेतला तर दोनतीन फूट पायांत गाडला जातो व वर सव्वापांच मीटर उरतो. म्हणजे ५.८ च्या जोडणीस तो पुरतो, २.४ च्या जोडणीस थोडा अपुरा पडतो. म्हणूनच दूरच्या विहिरीस घरापासून ५.८ गिगाहर्ट्झवर, एकमेकांकडे तोंड केलेले दोन अँटेना लावून जोडणी न्यावी, आणि विहिरीच्या खोलीपाशीं लहानशी २.४ ची पेटी ठेवून नियंत्रक तिला जोडावा, ही योजना आम्हांस अधिक पसंत आहे. जमीन चढउताराची असल्यास उंची त्या मानानें वाढवावी, आणि बसवितांना शेतांत आज काय उभें आहे तें न पाहतां वर्षांतील सर्वांत उंच पीक धरून हिशेब करावा.

दूरच्या जोडणीच्या पेटींत 'अंतर' असा एक रकाना असतो. पोंच येण्यास किती थांबावयाचें हें त्यावरून पेटी ठरविते. प्रत्यक्षांतील अंतराहून थोडा मोठा आंकडा घालावा. फार लहान घातल्यास पेटी पोंच येण्यापूर्वींच निरोप पुन्हां पाठवूं लागते.

याखेरीज दोन सूचना. पेटी पत्र्याच्या शेडच्या आंत ठेवून बाहेर जोर मिळण्याची अपेक्षा करूं नये. पत्रा लहरी परत फिरवितो. आणि उभ्या काठीसारखा अँटेना आपली शक्ति आडवी चहूंकडे पसरतो, वरखालीं फार थोडी देतो. म्हणून तो उभाच असावा. उंच टाकीवर फार मोठ्या वाढीचा काठी-अँटेना लावल्यास जोर दूर जातो, पण टाकीच्या पायथ्याशीं असलेल्या गोठ्यावरून तो निघून जातो.

रडारांचा हक्क

५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतील ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हीं चॅनेलें रडारांशीं वांटून घेतलेलीं आहेत. हवामान पाहणारीं कांहीं रडारें याच भागांत चालतात. या चॅनेलांवर बहुतेक पेट्या प्रथम निदान एक मिनिट नुसत्या ऐकत बसतात, आणि रडाराचा भास झाला तर बोलणें सोडून दुसरीकडे जातात. रडाराचा हक्क मोठा आहे, त्याविषयीं तक्रार नाहीं; परंतु मोटारीची जोडणी अशा चॅनेलवर ठेवली तर ती केव्हां तुटेल याचा नेम राहत नाहीं. दूरच्या जोडणीस १४९ ते १६५ यांपैकीं चॅनेल पहावें. घरांत ३६ ते ४८.

जुना वेग आणि नांवांची गर्दी

प्रत्येक पेटी आपलें नांव सेकंदास सुमारें दहा वेळां पुकारते, आणि हा पुकारा पेटींत चालू असलेल्या अगदीं सावकाश वेगानें होतो. सर्वांत जुना वेग १ मेगाबिटाचा. त्या वेगानें एक पुकारा सुमारें २ मिलिसेकंद हवा अडवितो. म्हणजे एका नांवापोटीं शंभरांतील दोन भाग वेळ. एका पेटीवर घरचें, पाहुण्यांचें, गड्यांचें, कॅमेऱ्याचें अशीं चार नांवें ठेविलीं कीं आठ भाग गेले. एकाच चॅनेलवर अशा पांच पेट्या आल्या कीं चाळीस भाग हवा नुसत्या नांवांच्या पुकाऱ्यांतच खपली, कामाचा एक शब्दहि बोलला गेला नाहीं. तसेंच १५०० बाइटांचें एक पुडकें १ मेगाबिटानें नेण्यास १२ मिलिसेकंद लागतात, ५४ नें नेण्यास पाव मिलिसेकंदहि लागत नाहीं. पाण्याच्या पाळींत एकाची सारी भरतच नाहीं आणि बाकीचे दारें धरून बसतात, तसा हा प्रकार आहे.

तरी नांवें दोनच ठेवावीं. पेटींत सोय असल्यास १, २, ५.५ व ११ हे जुने वेग बंद करावे. फक्त त्यापूर्वीं एखादें जुनें उपकरण त्यांवर अवलंबून नाहीं ना, हें पहावें.

वस्तीची बैठक

इतकें सर्व एकट्यानें केलें तरी अर्धेंच काम झालें. समजा, पाटाच्या कडेनें साठ साठ मीटरांवर सहा घरें आहेत. प्रत्येकानें आपापल्या मनानें पेटी ठेविली. कोणी ६ वर ४० रुंदीनें, कोणी ३ वर, कोणी ९ वर, आणि सर्वांची शक्ति कमाल. सायंकाळीं सहाहि घरांत चाक फिरत राहतें. आतां या सहांनीं एका रात्रीं बसून ठरविलें कीं, वरच्या टोंकापासून क्रमानें १, ६, ११, १, ६, ११ अशीं चॅनेलें घ्यावयाचीं, रुंदी सर्वांची २०, शक्ति बेताची. मग एका चॅनेलवरील दोन घरांत १८० मीटर अंतर पडतें, मध्यें दोन घरांच्या भिंती येतात, आणि प्रत्येकास आपली वाट जवळजवळ मोकळी मिळते. यास एक पैचाहि खर्च नाहीं; लागतो तो फक्त परस्परांवरील विश्वास. यांतील एकानें जरी करार मोडून ४० ची रुंदी घेतली, तरी दोघां शेजाऱ्यांचें पाणी तुटतें. म्हणून हा करार पाळीपत्रकाप्रमाणें कागदावर लिहून प्रत्येक घरीं लावावा, व नवी पेटी आणणाऱ्यानें प्रथम तें पत्रक पहावें.

वही आणि प्रयोग

शेवटीं दोन शब्द संवयीसंबंधीं. खताचा प्रयोग करतांना आपण एक वाफा बिनखताचा राखतों, व एका वेळीं एकच गोष्ट बदलतों. तोच नियम येथें पाळावा. चॅनेल, रुंदी व शक्ति एकाच दिवशीं बदललीं, तर कशानें सुधारलें व कशानें बिघडलें तें कधींच समजणार नाहीं. एक बदल करावा, तीन दिवस पहावें, मग दुसरा. एका वहींत तारीख, पेटीची जागा, चॅनेल, रुंदी, शक्ति, अँटेनाची उंची, त्या वेळचें पीक आणि विहिरीवर मोजलेला जोर एवढें टिपावें. विजेच्या झटक्यानें किंवा कोणी मागचें बटन दाबल्यानें पेटी आपली सारी मांडणी विसरते. तेव्हां ही वही जवळ असली, तर पाव तासांत सर्व पूर्ववत् होतें, नसली तर माहीतगार माणसाची वाट पाहत पिकास ताण द्यावा लागतो.

मोटार, औत किंवा फवारणीचा पंप यांबाबत आमचा शेतकरी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत नाहीं; तो उघडतो, पाहतो, जुळवितो. या पेटीची विद्या त्याहून कठीण नाहीं. येत्या उन्हाळ्याच्या पाळ्या सुरू होण्यापूर्वीं प्रत्येक वस्तीनें एक बैठक घ्यावी, आपलें चॅनेलपत्रक तयार करावें, आणि खरिपांत पीक उंच झाल्यावर जोर पुन्हां मोजून पहावा, अशी आमची सभासद बंधूंस आग्रहाची विनंती आहे. आपापल्या वस्तीचे आंकडे कोणी मासिकाकडे पाठविल्यास, इतरांच्या उपयोगासाठीं ते आम्ही आनंदानें प्रसिद्ध करूं.